कूर्चेला मोजून दिलेली धग

नाकाची दांडी उभी करण्यासाठी सर्जनने रुग्णाच्या बरगडीतून कूर्चेचा एक लांबट तुकडा काढला आहे. पांढरट, किंचित निळसर झाक असलेला, ओला. सुरीने तासून त्याच्या कडा सरळ केल्या आहेत. आता तो थेट नाकात जाईल असं पाहणाऱ्याला वाटतं. पण तुकडा सलाईनच्या वाटीत ठेवला जातो आणि थिएटरमधली मंडळी १५-२० मिनिटं, कधी अर्धा तास, दुसऱ्या कामाला लागतात. परत येऊन वाटीत पाहिलं तर तुकडा एका बाजूला झुकलेला असतो. सरळ कापला होता, कुणी त्याला हातही लावला नव्हता, तरी तो आपणहून वाकला.

ही वाट मुद्दाम पाहिली जाते. वाकायचं ते वाटीत वाकू दे, नाकात नको. नाकात बसवल्यावर हाच तुकडा वाकला, तर काही महिन्यांनी आरशात पाहणाऱ्या माणसाला आपलं नवं नाक कललेलं दिसतं आणि पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागतं.

या वाकण्याचं कारण १९५८ साली ग्लासगोच्या थॉमस गिब्सन आणि डब्ल्यू. बी. डेव्हिस यांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ प्लास्टिक सर्जरी’त मांडलं. (हे तेच गिब्सन, ज्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाजलेल्या रुग्णांवर पीटर मेडावर यांच्याबरोबर काम केलं आणि परक्याची त्वचा शरीर का नाकारतं या शोधाला सुरुवात करून दिली. मेडावर यांना १९६० मध्ये नोबेल मिळालं, गिब्सन यांचं नाव मात्र वैद्यकाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही.) गिब्सन आणि डेव्हिस यांचं म्हणणं असं की कूर्चेच्या बाहेरच्या थरांत ताण कोंडलेला असतो आणि आतला भाग फुगू पाहत असतो. सगळ्या बाजूंचा ताण सारखा असतो तोवर कूर्चा सरळ राहते. एका बाजूचा थर तासून टाकला की दुसऱ्या बाजूच्या थराला अडवणारं कुणी उरत नाही, आणि तो तुकड्याला आपल्याकडे ओढून घेतो.

लेझरने कूर्चेला आकार देण्याची सगळी कल्पना या कोंडलेल्या ताणाभोवती फिरते. हा ताण सुरीने तोडता येतो, दोऱ्याने आवळून धरता येतो. पण तो आतल्या आत सोडवता येईल का? आणि सोडवताना कूर्चा जिवंत राहील का? गेली तीसेक वर्षं या दोन प्रश्नांवर काम चाललं आहे आणि माझ्या मते त्यातला दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा फार मोठा आहे.

नाकाचं टोक चिमटीत धरलं किंवा कान मुडपला की हाताला जे लागतं ती कूर्चा. वजनाचा ७० ते ८० टक्के भाग नुसतं पाणी. उरलेल्यात कोलॅजेनच्या तंतूंचं जाळं आणि त्या जाळ्यात अडकून बसलेले प्रोटिओग्लायकन नावाचे अवाढव्य रेणू. या रेणूंवर ऋण विद्युतभार दाटीवाटीने बसलेले असतात. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, शिवाय पाण्याला आणि पाण्यातल्या धन आयनांना आत ओढून घेतात. त्यामुळे कूर्चा आतून सतत फुगू पाहते, आणि कोलॅजेनचं जाळं तिला आवळून धरतं. या फुगण्या-आवळण्यातूनच तिला तो खास ताठपणा येतो. कान मुडपून सोडला की क्षणात पूर्ववत का होतो, याचं उत्तर या झटापटीत आहे.

या सगळ्या पसाऱ्यात पेशी फार थोड्या. मोठ्या माणसाच्या कूर्चेत त्या आकारमानाने काही टक्केच भरतात, लहान लहान कोनाड्यांत एकेकट्या किंवा दोघी-तिघी बसलेल्या. तिथं रक्तवाहिनी पोचत नाही, मज्जातंतू नाही. प्राणवायू आणि अन्न आजूबाजूच्या उतींमधून झिरपत येतं, तेवढ्यावर त्या जगतात. इतक्या कमीत भागवण्याची सवय असल्यामुळेच बरगडीतली कूर्चा नाकात किंवा कानाच्या जागी नेऊन ठेवली तरी टिकते. पण याच स्वभावाची दुसरी बाजू अशी की मेलेल्या कूर्चापेशींची जागा भरून निघणं जवळपास होतच नाही. त्वचा भाजली तर खालून नवी येते, हाड मोडलं तर जुळतं. कूर्चेला ही सोय नाही. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत कूर्चेचं महत्त्व काय, हे आपल्याकडच्या दोन गोष्टींवरून स्पष्ट दिसतं. पहिली पुण्याची. टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेकडे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी माणूस पकडला गेला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती हकिगत चित्रासह छापून आली आणि युरोपातल्या प्लास्टिक सर्जरीला त्यातून चालना मिळाली. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. पण ते नाक त्वचेचं होतं. आतून उभं धरणारं काही नसलं तर अशी त्वचा काळाबरोबर आक्रसते आणि बसते.

दुसरी गोष्ट याच्या नेमकी उलट. कुष्ठरोगात नाकाची बाहेरची त्वचा बहुतेक वेळा शाबूत राहते, पण आतलं अस्तर आणि मधल्या पडद्याची कूर्चा नष्ट होते. मग नाक खचतं. रोग बरा झाला, अंगात जंतू उरला नाही, तरी ते बसलेलं नाक माणसाची ओळख गावभर सांगत राहतं. डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात आणि पुढे मुंबईच्या जे. जे.मध्ये अशा रुग्णांची नाकं उभी करण्याचं काम केलं. नाकाचा आधार गेल्याने माणसाचं समाजातलं स्थान कसं जातं, हे त्या कामाइतकं स्पष्ट दुसरं कशात दिसत नसेल.

तर आकार बिघडलेली, वाकडी किंवा अपुरी कूर्चा नीट करायची कशी? नाकाचा मधला पडदा एका बाजूला सरकला की श्वास कोंडतो. ‘नाकाचं हाड वाकडं आहे’ असं आपण म्हणतो, पण पुढच्या भागात ते हाड नसून कूर्चा असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलियन आणि फ्रीअर यांनी अस्तर उचलून आतला वाकडा भाग काढून टाकण्याची पद्धत रूढ केली. श्वास मोकळा व्हायचा, पण आधार जास्त काढला गेला तर नाकाची दांडी खचायची. म्हणून पुढच्या पिढीने कूर्चा जपून, गरजेपुरती कापून, सरळ करून परत बसवायला सुरुवात केली. बाहेर आलेल्या कानांसाठी १९६३ साली दोन पद्धती पुढे आल्या. मुस्तार्दे यांनी कूर्चेला मागून टाके घालून घडी पाडली. स्टेनस्ट्रॉम यांनी कूर्चेच्या पुढच्या पृष्ठभागावर बारीक ओरखडे काढले. ओरखडा काढला त्या बाजूचा ताण सुटतो आणि कूर्चा विरुद्ध बाजूला वळते. हा गिब्सन यांच्याच नियमाचा वापर.

या पद्धती आजही रोज वापरात आहेत आणि चांगल्या हातांत उत्तम चालतात. पण त्यांची किंमत मोजावी लागते. कापलेली, ओरखडलेली कूर्चा दुबळी होते. टाके सुटू शकतात, त्वचेतून वर येऊ शकतात. कानाच्या कडेवर कधी धार दिसते. रक्त साकळलं तर जंतूंची भीती. आणि कूर्चेचा जुना आकार परतू पाहण्याचा स्वभाव तर कायमचाच.

१९९३ मध्ये ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या विद्यापीठातले कान-नाक-घसा तज्ज्ञ एमॅन्युएल हेलिडोनिस आणि रशियन भौतिकशास्त्रज्ञ एमिल सोबोल यांनी सहकाऱ्यांसह एक प्रयोग प्रसिद्ध केला. सशाच्या कानाची कूर्चा हव्या त्या आकारात वाकवून धरायची, तिच्यावर कार्बन डायऑक्साइड लेझरचा झोत थोडा वेळ टाकायचा, मग पकड सोडायची. कूर्चा सरळ व्हायला हवी होती. ती वाकलेलीच राहिली. ती जळाली नव्हती, कापलीही नव्हती.

गावाकडे बांबूची काठी सरळ करताना ती विस्तवावर शेकतात, गरम असतानाच हवी तशी दाबून धरतात आणि निवू देतात. धगीने आतली बांधणी सैल होते, निवताना नव्या आकारात पुन्हा घट्ट होते. कूर्चेत घडतं ते ढोबळमानाने असंच. मात्र बांबूत जपायला जीव नसतो, थोडा करपला तरी चालतो. इथं प्रत्येक कोनाड्यात एक पेशी बसलेली आहे.

नेमकं काय सैल होतं, यावर बरीच चर्चा झाली आहे. सोबोल यांचं स्पष्टीकरण पाण्याभोवतीचं आहे. कूर्चेतलं बहुतेक पाणी मोकळं असतं, पण थोडं पाणी प्रोटिओग्लायकनच्या भारांना चिकटून बसलेलं असतं. तापमान ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान गेलं की हे बांधलेलं पाणी सुटतं. भारांची आपसातली ओढाताण काही क्षण मोकळी पडते आणि कोंडलेला ताण ओसरतो. तापमान उतरलं की पाणी पुन्हा जागेवर बसतं, पण आता नव्या आकारात. इतर संशोधकांनी कोलॅजेनच्या काही भागाची घडी उलगडण्याला किंवा मोठे रेणू तुटण्याला अधिक महत्त्व दिलं. पहिला टप्पा कोणता यावर एकमत नाही. पण एका ठरावीक तापमानाजवळ ताण झपाट्याने ओसरतो, हे अनेक प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा मोजलं गेलं आहे. फार तापवलं तर कोलॅजेनच वितळून आकसतं, आणि मग ती कूर्चा राहत नाही.

इथून पुढचा प्रश्न पेशींचा. उष्णतेने पेशी मरते ती तापमान आणि वेळ या दोघांच्या हिशेबाने. पन्नास-पंचावन्न अंशांवर बराच वेळ ठेवली तरी ती मरू शकते आणि पासष्ट अंशांवर तिला मोजके सेकंदच मिळतात. म्हणजे ताण सोडवायला लागणारं तापमान आणि पेशी मारणारं तापमान यांच्यात रुंद मैदान नाही, अरुंद फट आहे. त्या फटीतून जायचं तर झटपट तापवायचं, झटपट थांबायचं आणि नेमक्या जागीच तापवायचं. गरम पाण्यात बुडवून किंवा तापलेली सळई लावून हे साधत नाही. लेझरची गरज इथं पडते. त्याचा झोत मिलिमीटरभर जागेवर रोखता येतो आणि सेकंदाच्या अंशात बंद करता येतो.

झोत कोणता, यावर बरंच काही अवलंबून आहे. कार्बन डायऑक्साइड लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. पाणी ती इतकी जोरात शोषून घेतं की सगळी उष्णता वरच्या, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या थरात अडकते. वर करपण्याची वेळ येते तरी खालचा भाग पुरेसा तापलेला नसतो. २.१ मायक्रॉनचा होल्मियम लेझर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतका आत जातो. दीड मायक्रॉनच्या आसपासचे एर्बियम-ग्लास लेझर साधारण एक मिलिमीटर, आणि १.३२ मायक्रॉनचा निओडिमियम-याग लेझर आणखी काही मिलिमीटर. नाकाच्या पडद्याची किंवा कानाची कूर्चा मुळात एक-दोन मिलिमीटर जाडीची. म्हणून हळूहळू कार्बन डायऑक्साइड मागे पडला आणि आरपार सारखी धग देणारे लेझर पुढे आले. त्यांचा आणखी एक फायदा असा की ते काचेच्या बारीक तंतूमधून नेता येतात, म्हणजे नाकपुडीतून आतही पोचतात.

पण आत तापमान किती झालं, हे कळणार कसं? पृष्ठभागाचं तापमान दुरून मोजता येतं, आतलं नाही. इथं अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या बेकमन लेझर इन्स्टिट्यूटमध्ये ब्रायन वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम मला फार सुंदर वाटतं. वाँग स्वतः चेहऱ्याचे सर्जन आहेत. त्यांनी तापवणाऱ्या लेझरबरोबर एक दुसरा, अगदी क्षीण लाल प्रकाश कूर्चेवर टाकला आणि तो किती विखुरला जातो हे मोजलं. कूर्चा तापत जाते तसा विखुरणारा प्रकाश बदलत जातो आणि ताण ओसरायला लागण्याच्या सुमाराला त्या बदलाची चाल पालटते. आलेखात तो वळण घेणारा क्षण स्पष्ट दिसतो. तो दिसला की लेझर बंद. आत सुई न खुपसता कूर्चा स्वतःच सांगते की आता पुरे.

प्रयोगानंतर पेशींची हजेरी घेतली जाते. कूर्चेच्या पातळ कापावर दोन रंगद्रव्यं टाकतात. जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकते, मेलेली लाल. लेझरचा ठिपका जिथं पडला तिथं लाल ठिपक्यांचं एक वर्तुळ दिसतं, त्याभोवती हिरवं रान. वर्तुळ लहान असेल तर आकार नीट टिकत नाही, आकार पक्का झाला तर वर्तुळ मोठं झालेलं असतं. अर्व्हाइनच्या गटाने आणि इतरांनी वेगवेगळे लेझर, वेगवेगळे कालावधी वापरून ही देवाणघेवाण पुन्हा पुन्हा मोजली. आकार फुकट मिळत नाही, थोड्या पेशी द्याव्याच लागतात. सगळी कूर्चा न तापवता वळणाच्या रेषेवरच मोजके ठिपके द्यायचे आणि मधल्या जागा जिवंत राखायच्या, असा तोडगा त्यातून निघाला. त्वचेवरून झोत टाकायचा असेल तर त्वचा भाजू नये म्हणून प्रत्येक ठिपक्याआधी तिच्यावर थंड फवारा मारायचा किंवा गार काच टेकवायची.

माणसांवरचे पहिले मोठे प्रयोग रशियात झाले. मॉस्कोत युरी ओव्चिनिकोव्ह आणि सोबोल यांच्या गटाने वाकड्या पडद्याच्या शंभराहून अधिक रुग्णांवर होल्मियम लेझर वापरला आणि २००२ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. नाकपुडीत साधन घालून पडदा मध्यावर ढकलून धरायचा, वाकलेल्या भागावर ओळीने काही ठिपक्यांवर काही सेकंद झोत टाकायचा, झालं. चीर नाही, अस्तर उचलणं नाही, रक्तस्राव जवळपास नाही. ज्यांनी पडद्याच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर नाकात बोळे भरून घेतलेली रात्र काढली आहे, त्यांना यातलं सुख सांगावं लागणार नाही.

कानांवरचं काम फ्रान्स आणि स्पेनमध्ये झालं. लील इथले सर्ज मोर्दों आणि स्पेनमधल्या कांब्रिल्सचे मारिओ ट्रेलेस यांनी २००६ मध्ये १.५४ मायक्रॉनच्या लेझरने बाहेर आलेले कान मागे वळवण्याची पद्धत मांडली. कान गार करत त्वचेवरूनच, वळण हवं त्या रेषेवर झोत दिला. मग कानात सिलिकॉनचा साचा बसवला. तीन आठवडे तो दिवसरात्र ठेवायचा आणि पुढचे तीन आठवडे फक्त रात्री. ही साच्याची गोष्ट वरवर किरकोळ वाटते, पण ती कळीची आहे. लेझर ताण सोडवतो, नवा आकार मात्र साचा देतो आणि मधल्या काळात पेशी नवं जाळं विणत तो पक्का करतात. शाळकरी मुलाने सहा आठवडे साचा नीट वापरला नाही, तर यंत्र कितीही महागडं असो, कान परत बाहेर येऊ लागतो.

मग आज आपल्या शहरातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे हे का मिळत नाही? कारणं वैद्यकीय आहेत तशी व्यवहाराचीही. अभ्यास झाले ते छोट्या संख्येवर, आणि वीस वर्षांनी ती कूर्चा कशी राहते हे सांगणारी पाहणी त्यांत नाही. जुनी शस्त्रक्रिया तासाभरात होते, सर्जनना ती येते आणि तिचे दोष ठाऊक आहेत. नवीन यंत्र घ्यायचं, मोजून धग द्यायला शिकायचं, आणि फरक मात्र थोडाच दिसणार असेल, तर दवाखाने पुढे येत नाहीत. शिवाय लेझर कूर्चा वाढवत नाही. जन्मतः कानच नसलेल्या मुलाला अजूनही बरगड्यांच्या कूर्चेतून कानाचा सांगाडा कोरावा लागतो. कुष्ठरोगात किंवा अपघातात आधारच गेला असेल, तर वळवायला काही उरलेलंच नसतं. लेझरचं क्षेत्र म्हणजे शाबूत पण वाकडी कूर्चा, आणि कोरलेला तुकडा वाकू नये म्हणून बसवण्याआधी त्याचा ताण काढणं.

हे स्पष्ट सांगायला हवं, कारण आपल्याकडे ‘लेझर’ हा शब्द पाटीवर लिहिला की लोकांना तो सुरीपेक्षा सुरक्षित वाटतो. नाकाच्या बाबतीत ‘लेझर सर्जरी’ म्हणून जे सांगितलं जातं ते बऱ्याचदा फुगलेलं अस्तर लेझरने कमी करणं असतं. त्याचा कूर्चेच्या आकाराशी संबंध नाही. कुणी लेझरने वाकडा पडदा सरळ करून देतो म्हणाला तर थेट विचारावं: कूर्चा कापणार की तापवणार? तापमान कसं मोजणार? आधी किती रुग्णांवर केलं आणि वर्षाने त्यांना तपासलं का? प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नांचा राग येणार नाही.

दरम्यान, वाँग यांच्याच प्रयोगशाळेत वेगळी वाट फुटली. उष्णतेने पेशी मरतात, तर उष्णतेशिवाय ताण सोडवता येईल का? २००३ मध्ये त्यांच्या गटाने नाकाच्या कूर्चेला विजेने आकार देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढे ऑक्सिडेंटल कॉलेजचे रसायनशास्त्रज्ञ मायकेल हिल या कामात आले. कूर्चा साच्यात वाकवून धरायची, तिच्यात केसासारख्या बारीक सुया टोचायच्या आणि काही व्होल्टचा मंद प्रवाह काही मिनिटं सोडायचा. पाण्याचं विघटन होतं आणि धन टोकाच्या सुईभोवती आम्लता वाढते. तिथले हायड्रोजन आयन प्रोटिओग्लायकनच्या ऋण भारांवर जाऊन बसतात आणि त्यांना निष्प्रभ करतात. मुळात त्या भारांनीच कूर्चा ताठ ठेवलेली असल्यामुळे ते विझले की ती मऊ पडते. प्रवाह थांबला, आम्लता पूर्ववत झाली की भार परत जागे होतात आणि नवा आकार धरून ठेवतात. सोबोल यांनी ज्या भारांपासून पाणी सोडवण्यासाठी धग वापरली, त्याच भारांना इथं रसायनाने हात घातला जातो.

२०१९ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात या गटाने सशाचा ताठ उभा कान चीर न देता वाकवून दाखवला. त्यानंतर हीच कल्पना त्यांनी डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पटलाकडे वळवली, कारण तेही कोलॅजेन, पाणी आणि भारित रेणूंचंच बनलेलं आहे. २०२५ मध्ये सशांच्या काढलेल्या डोळ्यांवर, कॉन्टॅक्ट लेन्सच्या आकाराचं प्लॅटिनमचं इलेक्ट्रोड वापरून, मिनिटाभरात पटलाची गोलाई बदलल्याचं त्यांनी सांगितलं. माणसाच्या डोळ्यापर्यंतचा रस्ता अजून लांब आहे, प्रयोग जिवंत प्राण्यावरही व्हायचा आहे. पण कूर्चेत ज्या सुईभोवती आम्लता वाढते, तिथल्या पेशींची हजेरी विजेच्या या पद्धतीतही घ्यावी लागते, आणि तिथंही हिरव्यामध्ये लाल ठिपके दिसतात. फक्त विस्तार कमी, आणि किती कमी ते व्होल्ट आणि मिनिटांवर ठरतं.

या सगळ्या यंत्रांआधी निसर्गाने स्वतःच एक काळ असा दिला आहे, जेव्हा कूर्चा आपणहून मऊ असते. नवजात बाळाच्या रक्तात आईकडून आलेलं इस्ट्रोजेन पहिल्या काही दिवसांत भरपूर असतं. त्यामुळे कूर्चेतलं हायलुरॉनिक आम्ल वाढतं, रेणूंची बांधणी सैल राहते आणि कान हवा तसा वळतो. साधारण सहा आठवड्यांत इस्ट्रोजेन उतरतं आणि कूर्चा ताठ होऊ लागते. १९८४ मध्ये जपानच्या मात्सुओ आणि सहकाऱ्यांनी या काळाचा उपयोग करून, नुसता आधार आणि चिकटपट्टी लावून, जन्मतः दुमडलेले, वरची कड चेपलेले कान शस्त्रक्रियेशिवाय सरळ करून दाखवले. आज त्यासाठी मऊ साचे मिळतात. बाळाला तेल लावताना नाक चिमटीत दाबून सरळ होतं, याला काही पुरावा नाही, आणि तसं करूही नये. साच्याचं काम मात्र पक्कं आहे, फक्त ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुरू व्हावं लागतं. आपल्याकडे ‘मोठा झाला की होईल सरळ’ म्हणून हे दिवस निघून जातात. काही कान होतातही सरळ, पण कोणते होतील हे घरच्या घरी ओळखता येत नाही. म्हणून प्रसूतीनंतर घरी जाण्याआधी बाळाचे दोन्ही कान पुढून आणि मागून नीट पाहावेत, कड दुमडलेली वाटली तर बालरोगतज्ज्ञांना तेव्हाच दाखवावी आणि साचा लावायचा का हे त्याच आठवड्यात ठरवून घ्यावं.